गिझरला टायमर लावताय? आधी एवढं बघून घ्या



थंडी पडली की गटाच्या बैठकीत पाणी तापवायचा विषय निघतोच. मागच्या बैठकीत एका ताईंनी विचारलं, "पहाटे उठून बटण दाबण्यापेक्षा टायमर लावला तर? आमच्याकडे रॉड आहे, त्याला चालेल ना?"

उत्तर आधीच सांगते. टाकीच्या इलेक्ट्रिक गिझरला टायमर लावता येतो. रॉडला अजिबात लावायचा नाही.

टायमर म्हणजे घड्याळ बसवलेलं बटण. वेळ झाली की करंट सुरू, वेळ संपली की बंद. पाणी आहे का, किती तापलं, कोणाचा हात पाण्यात आहे का, हे त्याला कळत नाही. गिझरमध्ये थर्मोस्टॅट असतो, पाणी ठरल्याइतकं तापलं की तो हीटर बंद करतो. साध्या रॉडला तसं काही नसतं. बादलीत पाणी नसताना टायमरने रॉड सुरू केला तर रॉड जळतो, बादली वितळते, आग लागू शकते. आणि "बंदच आहे" असं समजून लेकराने पाण्यात हात घातला, नेमका तेव्हाच टायमर सुरू झाला तर? शॉक जिवावर बेतू शकतो. रॉड लावायचा तो आपण समोर असतानाच, आणि बटण बंद करून पिन काढल्याशिवाय पाण्याला हात लावायचा नाही.

आता गिझरचं बघू. १५ लिटरचा गिझर बहुतेक २००० वॅटचा असतो. तो साधारण ९ अँपिअर करंट ओढतो. टीव्ही, मोबाइलचा छोटा सॉकेट ६ अँपिअरचा असतो. त्यात किंवा एक्स्टेंशन बोर्डावर गिझर लावला की वायर तापते, प्लग वितळतो. टायमरचंही तसंच, त्याच्यावर १६ अँपिअर लिहिलेलं हवं.

जोडणी परवाना असलेल्या वायरमनकडूनच करून घ्या. स्वतः करू नका. पण काम चालू असताना जवळ थांबा आणि हे विचारा:

१. मेन स्विच बंद केला का? टेस्टरने तपासलं का?
२. टायमरमधून फेजची वायर नेली ना? न्यूट्रलमधून नेली, तर टायमर बंद असतानाही गिझरमध्ये करंट राहतो.
३. हिरवी अर्थिंगची वायर सरळ गिझरपर्यंत जोडली ना? ती मध्ये कुठेही तुटता कामा नये.
४. वायर किमान अडीच एमएमची, तांब्याची आहे ना?
५. टायमर न्हाणीघराच्या बाहेर, पाणी उडणार नाही असा बसवला ना?
६. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे का? शॉक बसायला लागला की तो लाइन तोडतो. त्याच्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबून बघा. दाबल्यावर लाइन गेली पाहिजे.

वेळ किती लावायची? १५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापायला वीस-बावीस मिनिटं आणि पाऊण युनिटच्या आत वीज लागते. म्हणून अर्धा तास पुरे. टायमर बंद झाल्यावरच आंघोळ करा, आणि आत जाण्याआधी गिझरचं बटणही बंद करा.

आपल्याकडे लाइट जाते हेही लक्षात ठेवा. बॅटरी नसलेला टायमर लाइट गेली की थांबतो आणि तेवढा मागे पडतो. मग पहाटे पाचचा गिझर सात वाजता सुरू होतो, कोणी आंघोळीला असताना! बॅटरीवाला टायमर घ्या, आणि लाइट येऊन गेली की घड्याळ बघायची सवय लावा.

बिल किती वाचेल? रोज आठवणीने बंद करत असाल तर फारसा फरक पडणार नाही. गिझर रात्रभर चालू राहत असेल, तर पाणी निवतं आणि पुन्हा पुन्हा तापतं, ती वीज वाचेल.

शेवटचं, गटातून गिझरसाठी कर्ज मागताना फक्त गिझरची किंमत लिहू नका. अर्थिंग, वायर, आरसीसीबी आणि वायरमनची मजुरी त्याच अर्जात धरा. पैसे कमी पडत असतील तर टायमर पुढच्या वर्षी घ्या. अर्थिंग मात्र गिझरच्या आधी झालं पाहिजे.