ओढ्याकाठी सोडलेले दहा गुंठे

आज आपण ओढ्याच्या काठाबद्दल बोलणार आहोत. ओढ्याबद्दल आपण पुष्कळ बोलतो. खोलीकरण झालं का, बंधारा गळतो का, पाणी किती दिवस टिकलं, हे सगळं ग्रामसभेत निघतं. पण काठ कुणाच्या बोलण्यात येत नाही.

तुमच्या गटातल्या वयस्कर बायकांना विचारून बघा. त्या सांगतील, ओढ्याला करंज होते, उंबर होते, निरगुडीची जाळी होती, गवत कमरेएवढं वाढायचं. मग मोटारी आल्या, जमिनीच्या वाटण्या झाल्या, एकराचे गुंठे झाले आणि नांगर हळूहळू काठाकडे सरकला. आता कित्येक शिवारांत शेवटचं तास थेट ओढ्याच्या कडेवर जाऊन संपतं. तिथं टाकलेला युरिया, शेणखत, फवारलेलं औषध, सगळ्याला पाण्यापर्यंत पोचायला दोन पावलंसुद्धा चालावं लागत नाही. आणि गावाच्या नळयोजनेची विहीर कुठं असते? बऱ्याच गावांत ओढ्याकाठीच, कारण पाणी तिथंच लागतं.

शेतातून ओढ्यात जे जातं ते दोन वाटांनी जातं. हे नीट समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं आहे. पहिली वाट जमिनीवरून. मोठा पाऊस झाला की माती वाहते आणि मातीच्या कणांना चिकटून स्फुरद जातं, औषधांचे अंश जातात. हे दिसतं, पाणी गढूळ होतं. दुसरी वाट जमिनीखालून. युरियातल्या नत्राचं जमिनीत नायट्रेट होतं. ते पाण्यात साखरेसारखं विरघळतं, मुरतं आणि खालून झिरपत ओढ्याला किंवा विहिरीला मिळतं. हे दिसत नाही, वास नाही, चव नाही. आरशासारख्या स्वच्छ पाण्यातही ते असू शकतं.

इथं थोडं थांबते, कारण हा भाग थेट आपल्या घरातला आहे. पिण्याच्या पाण्यात एका लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट नसावं, असं आपलं भारतीय मानक सांगतं. जास्त असेल तर सगळ्यांत मोठा धोका सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला. वरच्या दुधाची पावडर अशा पाण्यात कालवून पाजली तर बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहून न्यायची ताकद कमी होते, ओठ आणि नखं निळसर पडू शकतात. असं दिसलं तर घरी वाट न बघता लगेच दवाखाना गाठायचा. आणि आपण काय करतो? पाणी उकळतो. उकळल्यानं जंतू मरतात, ते करायलाच हवं, पण नायट्रेट जात नाही. पाणी आटतं तसं उरलेल्या पाण्यात ते उलट वाढतं. तुरटीनंही जात नाही. म्हणून पहिले सहा महिने बाळाला फक्त अंगावरचं दूध द्या, असं आशाताई सांगतात तेव्हा ते या कारणासाठीही बरोबर आहे. जलजीवन मिशनमध्ये गावोगावी पाच महिलांना पाणी तपासण्याचं शिक्षण द्यायचं ठरलेलं आहे. त्यांच्या तपासणी संचात बहुतेक वेळा नायट्रेटची सोय असते. तुमच्या गावातला संच कुणाच्या कपाटात आहे, ते आधी शोधा.

आता काठाकडे येऊ. शेत आणि ओढा यांच्यामध्ये गवत, झुडपं आणि झाडं यांचा एक पट्टा असेल तर या दोन्ही वाटांवर नाकं बसतं. वरून येणारं पाणी दाट गवतात शिरलं की त्याचा वेग मोडतो. वेग मोडला की माती खाली बसते. चहा गाळणीतून गाळतो तसंच. खालची वाट अडवायचं काम मुळं करतात, आणि मुळांपेक्षाही जास्त त्यांच्याभोवतीचे सूक्ष्म जीवाणू करतात. काठाजवळची जमीन ओली असते, तिच्यात हवा कमी असते. अशा जागी, पालापाचोळा आणि मेलेली मुळं खायला मिळाली तर, काही जीवाणू नायट्रेट फोडतात आणि त्यातला नत्र वायू होऊन हवेत निघून जातो. म्हणजे तो नुसता अडत नाही, पाण्यातून जातोच. पण त्यांना खायला पाचोळा लागतो. उघड्या नांगरलेल्या काठावर तो कुठून येणार?

हे नुसतं कानाला बरं वाटणारं आहे की खरंच होतं, असा प्रश्न मलाही पडला होता. याचं मोजमाप वर्षानुवर्षं झालेलं एक ठिकाण अमेरिकेत आयोवा राज्यात आहे. ओढ्याचं नाव बेअर क्रीक, म्हणजे अस्वलओढा म्हणा. तो भाग मका आणि सोयाबीनचा. तिथंही आपल्यासारखंच झालं होतं, ओढ्याच्या कडेपर्यंत पीक किंवा जनावरांची चराई. १९९० साली आयोवा स्टेट विद्यापीठाचे रिचर्ड शुल्ट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका शेतकरी कुटुंबाच्या जमिनीवर कसणं थांबवून पट्टा लावला. पाण्याजवळ लवकर वाढणाऱ्या झाडांच्या चार-पाच ओळी, त्यामागे झुडपांच्या दोन ओळी, आणि शेताच्या बाजूला सात मीटर ताठ, दाट गवत. एकूण साधारण वीस मीटर.

नंतर तिथल्या पिकाखालच्या जमिनीवरून वाहून येणारं पाणी मोजलं. नुसत्या सात मीटर गवतानं पाण्यातली ९५ टक्के माती अडवली, पण नायट्रेट ६२ टक्केच. गवताला झाडा-झुडपांची जोड दिली आणि रुंदी सोळा मीटर केली, तेव्हा माती ९७ टक्के अडली आणि नायट्रेट ८५ टक्के. हे आकडे मला फार महत्त्वाचे वाटतात. मातीसाठी गवत पुरतं. विरघळलेल्या खतासाठी झाडं आणि रुंदी दोन्ही लागतात. आणखी एक गोष्ट म्हणजे पट्टा लावल्यावर सहा वर्षांत तिथल्या जमिनीत पाणी मुरण्याचा वेग शेजारच्या नांगरटीच्या आणि चराईच्या जमिनीच्या पाचपट झाला. ज्या जमिनीवरून पाणी पळत होतं, तिथं ते थांबून आत जायला लागलं. आपल्या विहिरींसाठी याचा अर्थ काय, हे मी वेगळं सांगायला नको.

पण त्याच ओढ्यानं एक मर्यादाही दाखवली. त्या भागात शेतातलं जादा पाणी काढायला जमिनीखाली निचऱ्याचे पाइप घातलेले असतात आणि त्यांचं तोंड थेट ओढ्यात उघडतं. नायट्रेट असलेलं पाणी पट्ट्याच्या खालून, मुळांना न शिवता निघून जात होतं. वर सुंदर झाडी आणि खालून चोरवाट! मग २०१० साली तिथं पाइपाचं पाणी तोंडाशी अडवून पट्ट्याच्या जमिनीत आडवं पसरवायची सोय केली. तेव्हा पाइपातलं साधारण निम्मं पाणी मुळांमधून झिरपायला लागलं.

हे आपल्याला लागू आहे का? सांगली-कोल्हापूरकडच्या मैत्रिणी ओळखतील. क्षारपड जमिनी सुधारायला तिकडे सच्छिद्र पाइप घालतात. बाकीच्या गावांत पाइप नसला तरी चारी असते. शेतातलं पाणी चरानं एका जागी आणायचं आणि ओढ्यात सोडायचं ही आपली जुनी सवय. तसं असेल तर पट्टा कितीही रुंद करा, पाणी त्यातून जातच नाही. पाणी पसरून आलं पाहिजे, धारेनं नाही. चारी पट्ट्याच्या अलीकडेच थांबवून तोंडाशी दगड पसरायचे, म्हणजे पाणी फाकतं. दरवर्षी गवताच्या वरच्या कडेला गाळ साठून बारीक वरंबा तयार होतो. तोही पावसाळ्यापूर्वी मोडून सारखा करावा लागतो, नाहीतर पाणी त्यात एखादी फट शोधून पुन्हा धार धरतं.

आता खरा प्रश्न. जमीन कुणाची जाणार?

गुंठा म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद. पट्टा ३३ फूट, म्हणजे दहा मीटर रुंद ठेवला, तर काठाच्या दर ३३ फुटांमागे एक गुंठा जातो. शंभर मीटर काठ असलेल्या शेतकऱ्याचे दहा गुंठे गेले. एकरी ४० टन ऊस धरला तर दहा टन ऊस. हे थोडं नाही, आणि झाडं लावा असं भाषणात सांगणारे हा हिशोब मांडत नाहीत. अर्थात काठाचे दहा गुंठे मधल्या दहा गुंठ्यांसारखे नसतात. तिथं पाणी साचतं, पुरात पीक लोळतं, दर पावसाळ्यात काठ ढासळून थोडी जमीन तशीही ओढ्याला जाते. घरी बोलताना शेजारच्या एकराचा उतारा धरू नका, त्याच पट्ट्याचा गेल्या तीन वर्षांचा खर्च आणि उत्पन्न काढा. एवढी जमीन सोडणं झेपत नसेल तर सात मीटर गवतापासून सुरुवात करा. मातीचं काम तेवढ्यातही होतं, हे आत्ता आकड्यांत पाहिलंच. सातबारा बहुतेक घरांत आपल्या नावावर नसतो, हेही माहीत आहे. पण वैरण कापणारी, पाणी भरणारी आणि बाळाला पाजणारी बाई या चर्चेला बसलीच पाहिजे. ओढ्याचं पात्र स्वतः सरकारी असतं. गावनकाशात ते कुठवर आहे, हे तलाठ्याकडे जाऊन बघा. कधी कधी असं निघतं की शेवटची चार तासं आपली नव्हतीच.

आणि ज्यांना जमीनच नाही त्यांचं काय? प्रत्येक गटात दोन-चार जणी अशा असतात ज्यांच्या शेळ्या ओढ्याकाठच्या गवतावर जगतात. पट्ट्याला कुंपण घातलं तर पहिला फटका त्यांना बसतो, आणि कुंपण नसेल तर पहिल्याच वर्षी रोपं शेळ्यांच्या पोटात जातात. माझं मत स्पष्ट आहे. अशा मैत्रिणींना आधी बोलवा. चराई बंद, पण कापून न्यायचा हक्क त्यांचा, असं जमीनमालकाशी ठरवून गटाच्या वहीत लिहून घ्या. गवत कापून नेणं पट्ट्यालाही चांगलं असतं, कारण गवतानं शोषलेलं खत त्याच्याबरोबर बाहेर जातं. फक्त मुळापासून खरवडायचं नाही, वीतभर ठेवून कापायचं. भांडी-कपडे धुवायला आणि जनावरं पाण्यावर न्यायला एक ठरावीक जागा दगडांनी पक्की करून मोकळी ठेवा. नाहीतर दहा जागी वाटा पडतात आणि प्रत्येक वाटेनं पाणी धारेनं उतरतं.

लावायचं काय, तर जे आपल्या ओढ्याला आधी होतं ते. पाण्याच्या कडेला वाळुंज, करंज, उंबर, अर्जुन, जांभूळ. मधे निरगुडी, आणि जागा असेल तर बांबू. शेताच्या बाजूला मारवेल, आणि त्याच्या वरच्या कडेला वाळ्याची एक ओळ. वाळ्याची ठोंबं पहिल्या चांगल्या पावसानंतर वीतभरापेक्षा कमी अंतरावर लावा, तरच भिंत तयार होते. बेशरम मात्र आयती वाढते म्हणून ठेवू नका, ती पुढे पात्रातच शिरते. संकरित नेपिअर पट्ट्यात नको, कारण त्याला खत दिल्याशिवाय राहवत नाही, आणि इथं खत टाकायचं नाही हीच तर अट आहे.

पहिली दोन-तीन वर्षं पट्टा वाईट दिसतो. आधीच्या पिकाच्या जमिनीत खताचा अंश उरलेला असतो, त्यामुळे गाजरगवत आणि रानतण रोपांच्या वर जातं. लोक हसतात, पडीक टाकलं म्हणतात. या काळात रोपांभोवती खुरपणी आणि उन्हाळ्यात पाणी एवढं दोन वर्षं सांभाळावं लागतं. मजुरीची सोय रोजगार हमीतून होते का, हे ग्रामरोजगार सेवकाला लागवडीच्या आधीच्या हिवाळ्यात विचारा, मे महिन्यात नाही.

रोपवाटिका गटानंच केली तर पैसे वाचतात. करंजाच्या शेंगा उन्हाळ्यात गोळा करून ठेवता येतात, वाळ्याची ठोंबं एका जुन्या बेटातून शेकडो निघतात. जांभळाचं तेवढं वेगळं आहे. जूनमध्ये खाल्लेल्या जांभळाची बी त्याच आठवड्यात धुऊन पिशवीत लावायची, कारण डब्यात वाळवून ठेवलेली बी पुढच्या वर्षी उगवत नाही.