कळसंयोग, लिनक्स प्रणालीतील
संगणकाच्या कळफलकावरील दोन किंवा अधिक कळा एकत्र दाबून आज्ञा देण्याच्या योजनेस कळसंयोग म्हणतात. व्यवहारात त्यास ‘शॉर्टकट’ हे नाव रूढ आहे. कंट्रोल, ऑल्ट, शिफ्ट व सुपर (पुष्कळ कळफलकांवर खिडकीचे चिन्ह असलेली) यांपैकी एक कळ दाबून धरावयाची व तिच्या जोडीस दुसरी दाबावयाची, अशी ही रीत आहे. लिनक्स या मुक्त परिचालन प्रणालीच्या गाभ्याची रचना लिनस टोरव्हाल्ड्स यांनी १९९१ मध्ये फिनलंडमध्ये आरंभिली. पडद्यावरील चित्रमय डेस्कटॉप हा या गाभ्याचा भाग नसून केडीई (प्रारंभ १९९६), ग्नोम (१९९७) यांसारखे स्वतंत्र प्रकल्प तो पुरवितात. यामुळे लिनक्समधील कळसंयोग निरनिराळ्या स्तरांवर हाताळले जातात. कोणता संयोग कोणत्या स्तराचा, हे माहीत असले म्हणजे एक स्तर निकामी झाला तरी त्याखालील स्तराकडून काम करून घेता येते.

डेस्कटॉप : ग्नोममध्ये नुसती सुपर कळ दाबल्यास सर्व उघड्या खिडक्या एकत्र दिसतात व लगेच नाव टंकून हवा तो क्रमादेश शोधता येतो. ऑल्ट-टॅबने एका क्रमादेशातून दुसऱ्यात जाता येते. सुपर व डावा किंवा उजवा बाण यांनी खिडकी पडद्याच्या अर्ध्या भागात बसते. सुपर-एलने पडदा कुलूपबंद होतो. सुपर-स्पेसने टंकनाची भाषा बदलते. इन्स्क्रिप्ट मांडणीने मराठी व मधूनच इंग्रजी लिहिणाऱ्यास हा संयोग विशेष उपयोगी पडतो. ऑल्ट-सुपर-एसने पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणारा ओर्का हा क्रमादेश सुरू होतो. दृष्टिहीन व्यक्तींना माउस वापरणे अवघड असल्याने त्यांच्या दृष्टीने कळसंयोग हे संगणक चालविण्याचे मुख्य साधन होय.

टर्मिनल : अक्षरी आज्ञा देण्याच्या या खिडकीतील संयोगांचे मूळ दूरमुद्रकाच्या काळात आहे. १९६३ च्या आस्की संकेतात कंट्रोल कळेमुळे अक्षराच्या क्रमांकातून ६४ वजा होतात. उदा., सी या अक्षराचा क्रमांक ६७ असल्याने कंट्रोल-सीचा संकेत ३ होतो. तो मिळताच गाभा चालू क्रमादेशास थांबण्याचा संकेत देतो. म्हणूनच येथे मजकुराची नक्कल करण्यासाठी कंट्रोल-शिफ्ट-सी वापरावे लागते. कंट्रोल-झेडने क्रमादेश तात्पुरता स्थगित होतो. कंट्रोल-डीने आदान संपल्याचे कळते. कंट्रोल-एस चुकून दाबले गेल्यास पडद्यावरील अक्षरे उमटणे थांबते व यंत्र बंद पडल्याचा भास होतो. कंट्रोल-क्यू दाबताच ती पुन्हा उमटू लागतात.

शेल : टर्मिनलमध्ये टंकलेली ओळ वाचणाऱ्या क्रमादेशास शेल म्हणतात. ब्रायन फॉक्स यांनी लिहिलेला बॅश (१९८९) हा शेल बहुतेक लिनक्स वितरणांत आढळतो. ओळ दुरुस्त करण्याचे त्याचे संयोग ईमॅक्स (१९७६) या मजकूर-संपादकाच्या पद्धतीचे आहेत. कंट्रोल-ए व कंट्रोल-ई यांनी अनुक्रमे ओळीच्या आरंभी व शेवटी जाता येते, कंट्रोल-डब्ल्यूने मागचा शब्द खोडला जातो व कंट्रोल-आरने पूर्वी दिलेली आज्ञा शोधून काढता येते.

आणीबाणीचे संयोग : डेस्कटॉप गोठल्यास वीज तोडणे हा अखेरचा उपाय समजावा. प्रथम कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबावे. गाभा चालू असल्यास बहुधा एक स्वतंत्र अक्षरी पडदा उघडतो. तेथे नाव व परवलीचा शब्द देऊन दोषी क्रमादेश तेवढाच बंद करता येतो व इतर खिडक्यांतील काम वाचते. पुढे कंट्रोल-ऑल्ट-एफ१ किंवा एफ२ने सामान्यतः डेस्कटॉपवर परतता येते. कंट्रोल-ऑल्ट-बॅकस्पेस या जुन्या संयोगाने मात्र एक्स ही चित्रप्रणालीच तत्काळ बंद होई व न साठविलेले सर्व काम नष्ट होई. तो चुकून दाबला जाण्याचा धोका असल्याने उबुंटू वितरणाच्या ९.०४ या आवृत्तीपासून (२००९) तो मुळात बंद ठेवण्यात आला.

अक्षरी पडदाही न उघडल्यास गाभ्यास थेट आज्ञा देता येते. त्यासाठी ऑल्ट व सिस्टिम रिक्वेस्ट या कळांबरोबर एस, यू व बी ही अक्षरे काही सेकंदांच्या अंतराने याच क्रमाने दाबतात. सिस्टिम रिक्वेस्ट ही कळ आयबीएमच्या पीसी/एटी संगणकाबरोबर (१९८४) आली. आता ती बहुधा प्रिंट स्क्रीन कळेवरच असते. एसने स्मृतीत थांबलेली माहिती चकतीवर लिहिली जाते, यूने चकती केवळ वाचनापुरती खुली राहते व बीने संगणक पुन्हा सुरू होतो. क्रम चुकवून बी आधी दाबल्यास चकतीवरील फायली बिघडण्याचा संभव असतो. यांपैकी कोणत्या आज्ञांना मुभा आहे, हे गाभ्यातील एका संख्येवरून ठरते. उबुंटूमध्ये ती मुळात १७६ असते. एसचे १६, यूचे ३२ व बीचे १२८ यांची ती बेरीज आहे. सर्व क्रमादेशांना आवरते घेण्यास सांगणाऱ्या ई या अक्षराचे ६४ तीत नसल्याने ती आज्ञा तेथे चालत नाही.

एस या आज्ञेने गाभ्याकडे सोपविलेली माहितीच वाचते. संपादकाच्या खिडकीत टंकलेला, परंतु साठविण्याची आज्ञा न दिलेला मजकूर वाचत नाही. त्या मजकुराचे रक्षण बहुतेक संपादकांत कंट्रोल-एस हा साधा संयोग वेळोवेळी दाबल्यानेच होते. तोच संयोग टर्मिनलमध्ये अक्षरे थांबवितो, यावरून स्तर ओळखण्याचे महत्त्व लक्षात येते.