कुंकवाचं रसायन, साडीवरचा डाग

पांढऱ्या शर्टावर वरणाचा थेंब पडला, घाईघाईने साबण चोळला आणि पिवळा डाग एकदम लालभडक झाला, हा अनुभव बहुतेक घरांत येऊन गेलेला असतो. डाग वाढला असं वाटून मग आणखी साबण, आणखी घासणं सुरू होतं. खरं तर डाग वाढलेला नसतो. हळदीतलं कर्क्युमिन नावाचं रंगद्रव्य साबणासारख्या अल्कधर्मी पदार्थाशी गाठ पडली की लाल होतं, एवढंच. साबण नीट खळबळून काढला, वर लिंबाचे चार थेंब टाकले की तोच डाग पुन्हा पिवळा दिसू लागतो. मग कापड ओलं असतानाच कडक उन्हात वाळत घालायचं. कर्क्युमिनला ऊन सोसत नाही. दोन-तीन उन्हांत डाग फिका होत होत निघून जातो. हळदीच्या कार्यक्रमातले कपडे उन्हात टाकणाऱ्या आज्यांना हे ठाऊक होतं.

हळदीच्या या लाल होण्यावरच महाराष्ट्रातला एक जुना उद्योग उभा आहे. सोलापूर जिल्ह्यात करमाळा तालुक्यातलं केम हे गाव कुंकवासाठी ओळखलं जातं. पारंपरिक पद्धतीत हळदीला चुना, किंवा टाकणखार आणि लिंबाचा रस, यांची जोड देऊन कुंकू तयार करतात. शर्टावर जे नको असतं, तेच कपाळावर हवं असतं. बाजारात मिळणारं स्वस्त कुंकू मात्र पुष्कळदा हळदीचं नसतं. पांढऱ्या भुकटीत कृत्रिम रंग मिसळून ते बनवलेलं असतं. कपाळाला खाज सुटते, भांगात पुरळ येतं, त्याचं कारण अनेकदा त्या रंगात सापडतं. डागाचंही तसंच. हळदीचा डाग उन्हाने जातो, कृत्रिम रंगाचा जाईलच असं नाही.

रोजच्या साजशृंगाराबद्दल आणि कपड्यांच्या निगेबद्दल घरोघरी सल्ल्यांना तोटा नाही. त्यातले निम्मे सल्ले एकमेकांच्या विरोधात जातात, कारण वस्तू कशाची बनली आहे हे विचारायचं राहून जातं. ते एकदा कळलं की ती चेहऱ्याला चालेल का आणि कापडावर सांडली तर काय करायचं, या दोन्ही प्रश्नांची उत्तरं बरीचशी एकाच ठिकाणी मिळतात.

कुंकवाची जागा आता बहुतेक ठिकाणी टिकलीने घेतली आहे. मेणाच्या डबीत बोट फिरवायचं, कपाळावर गोल टेकवायचा आणि त्यावर पिंजर बसवायची, या सगळ्याला वेळ लागे. टिकली क्षणात लागते. पण टिकलीच्या मागे डिंक असतो, आणि काही डिंकांत पॅरा-टर्शरी-ब्युटाइल-फिनॉल नावाचं रसायन असतं. कातडीला रंग देणाऱ्या पेशींना ते अपाय करू शकतं. भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी टिकलीच्या जागी पडणाऱ्या पांढऱ्या डागांची नोंद वर्षानुवर्षं केली आहे. असा डाग दिसला की घरात ‘कोड’ म्हणून कुजबुज सुरू होते, बाई तो लपवायला आणखी मोठी टिकली लावते आणि नुकसान वाढत जातं. इथे उशीर करणं सगळ्यात वाईट. टिकली लगेच बंद करून त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलं तर रंग परत येण्याची आशा जास्त असते. ज्यांना काहीच त्रास नाही त्यांनीही रात्री टिकली काढून ठेवावी, कपाळ धुवावं, आरशाला चिकटवलेली टिकली पुनःपुन्हा वापरू नये.

काजळाची गोष्ट थोडी वेगळी. तुपाच्या किंवा एरंडेलाच्या दिव्याची काजळी धरून घरी केलेलं काजळ म्हणजे मुख्यतः कार्बन. सुरमा मात्र परंपरेने गॅलेना या खनिजाचा, म्हणजे शिशाच्या सल्फाइडचा असतो. दोन्ही काळे, दोन्ही डोळ्यांत घालायचे, म्हणून लोक त्यांना एकाच माळेत ओवतात. शिसं शरीरात साठत जातं आणि लहान मुलांच्या मेंदूला त्यापासून मोठा धोका असतो. बाळाच्या डोळ्यांत काहीही घालू नका असं बालरोगतज्ज्ञ सांगतात, ते यासाठीही आणि बोटावरून जाणाऱ्या जंतुसंसर्गासाठीही. दृष्ट लागू नये म्हणून तीट लावायची तर ती तळपायाला लावावी. तिथून ती बाळाच्या तोंडात जाणार नाही एवढं बघावं. कंपन्यांच्या काजळकांडीत मेण, तेल आणि काळे रंग असतात. ती एकमेकींत वाटून वापरू नये, मग समोरची सख्खी बहीण का असेना.

लिपस्टिक तर मेण आणि तेलच. बहुतेक कांड्यांत एरंडेल असतं, जोडीला मधमाश्यांचं किंवा वनस्पतींचं मेण आणि त्यात घोटलेले रंगकण. ब्लाउजच्या गळ्याला लागलेला लिपस्टिकचा डाग नुसत्या पाण्याने हलत नाही तो यामुळेच. गरम पाणी किंवा इस्त्री लावली तर मेण वितळून आणखी आत मुरतं. सुती कापड असेल तर आधी बोथट सुरीने वरचा थर अलगद खरवडायचा. मग डागाची बाजू जुन्या फडक्यावर पालथी घालून मागून भांडी घासायचं लिक्विड लावायचं आणि बोटाने दाबत राहायचं, म्हणजे रंग खालच्या फडक्यात उतरतो. चोळायचं नाही. तेल-मेण निघाल्यावर उरलेल्या गुलाबी छटेवर थोडं सॅनिटायझर उपयोगी पडतं, कारण त्यातल्या अल्कोहोलमध्ये काही रंग विरघळतात. पण ते कापडाचाही रंग काढू शकतं, म्हणून आधी आतल्या शिवणीवर लावून बघावं. रेशमावर यातलं काहीच करू नये, ते सरळ ड्रायक्लीनला द्यावं. तिथे पाण्याऐवजी द्रावक वापरतात आणि तेलकट डाग त्यात सुटतात. मध्ये एक-दोन दिवस जाणार असतील तर डागावर टाल्कम पावडर भुरभुरून ठेवावी. ती मोकळं तेल शोषून घेते. लग्नाच्या पंगतीत साडीवर तूप सांडलं तरी हाच पहिला उपाय.

भारतात तयार प्रसाधनांचा बाजार मध्यमवर्गीय घरांपर्यंत आणण्यात मुंबईचा हात मोठा आहे. १९५२ साली टाटा ऑइल मिल्सने लॅक्मे ही कंपनी काढली. १९६१मध्ये सिमोन टाटा तिच्या कारभारात आल्या आणि भारतीय कातडीला शोभतील अशा छटा इथेच बनू लागल्या. त्याच १९५२ साली केशव विष्णू पेंढरकरांनी परळमध्ये विको सुरू केली. त्यांच्या हळदीच्या क्रीमवर पुढे एक कोर्टकज्जा झाला आणि तो दशकानुदशकं चालला. क्रीम हे सौंदर्यप्रसाधन की आयुर्वेदिक औषध, असा प्रश्न होता, आणि त्यावर अबकारी कर किती हे ठरणार होतं. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि निकाल विकोच्या बाजूने लागला. प्रसाधन आणि औषध यांच्यातली सीमारेषा किती पातळ असू शकते हे त्या खटल्यातून दिसलं.

आज ती रेषा भलत्याच ठिकाणी ओलांडली जाते आहे, आणि त्याची किंमत लोक मूत्रपिंडांनी मोजताहेत.

अकोल्यातल्या एकाच घरातल्या तिघींना मूत्रपिंडाचा विकार जडल्याची बातमी काही वर्षांपूर्वी आली. तिघी एकच गोरेपणाचं क्रीम वापरत होत्या. मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध घेतला तेव्हा त्या क्रीममध्ये पारा निघाला. केरळमध्ये कोट्टक्कल इथल्या डॉक्टरांनी २०२१ ते २०२३ या काळातल्या, मूत्रपिंडाच्या मेंब्रेनस नेफ्रोपॅथी या विकाराच्या २२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या १५ जणांचा विकार एका विशिष्ट प्रकारचा होता आणि त्या पंधरापैकी १३ जण त्वचा उजळवणारं क्रीम लावत होते. पारा त्वचेत रंग तयार करणाऱ्या विकराचं काम रोखतो, म्हणून चेहरा थोड्याच दिवसांत उजळ दिसतो. तोच पारा त्वचेतून रक्तात आणि रक्तातून मूत्रपिंडांत जातो. ‘आठ दिवसांत फरक’ असं सांगणाऱ्या बिननावाच्या डबीला घरात थारा देऊ नये असं म्हणावंसं वाटतं ते एवढ्याचसाठी. गव्हाळ, सावळा, काळा रंग हा आजार नाही; त्यावर औषध नको आहे.

पाऱ्याच्या डबीची एक खूण लक्षात ठेवण्याजोगी आहे. क्रीम सोन्याचांदीच्या दागिन्यांना लागू देऊ नका, अशी सूचना काही डब्यांवर असते. पारा सोन्याशी संयोग पावतो म्हणून ती. गळ्यातल्या मंगळसूत्राला जे चालत नाही ते गळ्याला कसं चालेल? घटकांच्या यादीत कॅलोमेल किंवा मर्क्युरिक असे शब्द दिसले तरी डबी खाली ठेवावी. भारताच्या २०२०च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार डोळ्यांभोवतीची प्रसाधनं सोडून बाकीच्यांत नकळत राहिलेला पारा १ पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाखांत एका भागापेक्षा, जास्त असता कामा नये. पाऱ्याविषयीच्या मिनामाता करारात भारत २०१८पासून बांधील आहे, आणि २०२३च्या जिनिव्हा परिषदेत पारा घातलेली प्रसाधनं २०२५नंतर बनवायची वा आयात-निर्यात करायची नाहीत असं ठरलं. कायदा कडक आहे. पण गल्लीतल्या दुकानात लेबलाशिवाय विकल्या जाणाऱ्या डबीपर्यंत तो पोचायला वेळ लागतो.

वेष्टणावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, कधीपर्यंत वापरायचं ती तारीख आणि घटकांची यादी हवी. परदेशी मालावर आयात करणाऱ्याचं नाव आणि नोंदणी क्रमांकही हवा. यातलं काही नसेल तर भाव कितीही कमी असो, घेऊ नये. झाकण उघडलेल्या बरणीचं छोटं चित्र आणि त्यात ‘१२ एम’ अशा अर्थाची अक्षरं असतात. उघडल्यापासून बारा महिने, असा त्याचा हिशेब. दुसरा छुपा धोका स्टेरॉइडच्या मलमांचा. गजकर्णासाठी आणलेली ट्यूब गोरेपणासाठी चेहऱ्यावर फिरते, कातडी पातळ पडते, लाल होते, केस उगवतात. २०१८मध्ये केंद्र सरकारने अशी १४ स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, तरी औषधाच्या दुकानात ती मागणारे आणि देणारे अजून आहेत.

गोरेपणाच्या क्रीमवर खर्च होणारे पैसे सनस्क्रीनवर खर्च झाले तर वांगाचे डाग गडद होणं तरी थांबेल. एसपीएफ ३० म्हणजे उन्हातली भाजणारी अतिनील किरणं साधारण ९७ टक्के अडतात, पण ती मोजणी दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम एवढा जाड थर लावून केलेली असते. चेहऱ्याला आणि मानेला मिळून दोन बोटांच्या लांबीएवढं क्रीम लागतं. आपण बहुतेक जण वाटाण्याएवढं लावतो. वांग असणाऱ्यांनी लोहाच्या ऑक्साइडची छटा असलेलं सनस्क्रीन बघावं, कारण डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशानेही वांग वाढतो.

सनस्क्रीन लावणाऱ्यांच्या घरात एक कोडं नेहमी पडतं. पांढऱ्या कुर्त्याच्या गळ्याला धुतल्यानंतर नारिंगी डाग उमटतात. धुण्याआधी तिथे काहीच दिसत नसतं. ॲव्होबेन्झोन हा सनस्क्रीनमधला घटक पाण्यातल्या लोहाशी मिळून गंजासारखा रंग धरतो. बोअरवेलचं पाणी वापरणाऱ्या वस्त्यांत हे जास्त दिसतं. अशा डागावर ब्लीच टाकलं तर तो आणखी पक्का होऊ शकतो. सायट्रिक आम्लाच्या पाण्यात गळा भिजवून ठेवणं हा त्यावरचा उतारा. काखेतले पिवळे डाग घाम आणि घामरोधकातले ॲल्युमिनियमचे क्षार यांचे असतात. तेही व्हिनेगरच्या पाण्यात भिजवून मग धुवावेत. मुरमांसाठी बेंझॉइल पेरॉक्साइड जेल लावणाऱ्या मुलामुलींच्या उशीवर आणि टॉवेलवर पांढरट भोकं पडल्यासारखे चट्टे येतात. ते जेल कापडाचा रंगच उडवतं, आणि उडालेला रंग परत येत नाही. त्यांच्यासाठी पांढरे अभ्रे काढून ठेवावेत. नेलपेंट काढायचं ॲसिटोन ॲसिटेटच्या कापडावर सांडलं तर कापडच विरघळतं, म्हणून नखं रंगवण्याचा उद्योग नवी ओढणी अंगावर असताना नको.

आणि पैठणी. अत्तर किंवा स्प्रे साडी नेसण्याआधी अंगाला लावावा, तो वाळू द्यावा, मग साडी. स्प्रेमधल्या अल्कोहोलने रेशमाचा रंग ओघळतो आणि जर काळवंडते. रेशीम म्हणजे प्रथिन. डाग खाणारी विकरं असलेली धुण्याची पावडर प्रथिनांवरच काम करते, म्हणून रेशमी ब्लाउज तसल्या पावडरीत भिजवला की धागा कमजोर होतो. रिठ्याचं पाणी सौम्य असतं. नेसून झाल्यावर साडी लगेच कपाटात कोंबू नये. सावलीत वाऱ्यावर ठेवून घाम वाळू द्यावा, जरीवर मलमल टाकून मंद इस्त्री करावी आणि सुती कापडात गुंडाळून ठेवावी. प्लॅस्टिकच्या पिशवीत दमटपणा अडकतो. डांबरगोळी ठेवायचीच तर पुरचुंडीत बांधून, साडीला लागणार नाही अशी. लवंगा आणि वाळलेला कडुनिंबाचा पालाही चालतो. घडी दर दोन-तीन महिन्यांनी बदलावी, नाहीतर जर त्याच रेषेवर तुटते आणि मग तिला रफू करणारा कारागीर शोधत हिंडावं लागतं.