आधार क्रमांकाचे जतन

नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिले आधार क्रमांक देण्यात आले. हा १२ अंकी क्रमांक जन्मभर तोच राहतो. किल्ली चोरीस गेली, तर कुलूप बदलता येते. हा क्रमांक बदलता येत नाही. म्हणून तो जपावा लागतो.

दिंडोरीस आलेला प्रवासी निवासगृहात आधारपत्राची नक्कल देतो. ती पुढे कोणाच्या हाती पडेल, हे त्यास ठाऊक नसते. अशा ठिकाणी पहिले ८ अंक झाकलेले आधारपत्र द्यावे. ते आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर मिळते. त्यात शेवटचे ४ अंकच दिसतात; तरी नाव व छायाचित्र यांवरून ओळख पटते.

खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निर्णय २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने दिला. तो हक्क राखावयाचा, तर विचारणाऱ्यास आवश्यक तेवढेच सांगावे.