घरात गोरमाटी, कागदावर हिंदी! जनगणनेत मातृभाषा नेमकी कोणती सांगायची?

बीड : गेवराई, वडवणी, धारूर, परळी भागातल्या तांड्यावर गेलं की कानावर गोरमाटी पडते. आईला ‘याडी’, भाकरीला ‘बाटी’. पण सरकारी आकडेवारीत ही भाषा हिंदीच्या पोटात मोजली जाते, हे अनेकांना माहीत नाही.

आकडे काय सांगतात?
२०११ च्या जनगणनेत हिंदीखाली ‘लमाणी/लंबाडी’ सुमारे ३२ लाख ७६ हजार आणि ‘बंजारी’ सुमारे १५ लाख ८१ हजार अशा दोन वेगळ्या नोंदी आहेत. दोन्ही मिळून ४८ लाखांच्या वर. कोकणीची नोंद साडेबावीस लाखांच्या आसपास, तरी कोकणी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांमध्ये आहे. गोरमाटी नाही.

कारण एकच नाही. महाराष्ट्रात बंजारा, कर्नाटकात लमाणी, तेलंगणात लंबाडी अशी नावं वेगळी. लिपीही एक नाही. इकडं देवनागरी, तिकडं कन्नड नाहीतर तेलुगू.

मातृभाषा म्हणजे कोणती?
जनगणनेच्या नियमाप्रमाणे लहानपणी आई ज्या भाषेत बोलायची ती मातृभाषा. शाळेची किंवा बाजाराची नव्हे. मराठी, हिंदी येत असेल तर ‘येणाऱ्या इतर भाषा’ या रकान्यात त्या सांगता येतात. हाच नियम पारधी, वडारी, कैकाडी बोलणाऱ्यांनाही लागू आहे.

ऊसतोड कामगारांनी लक्षात ठेवावं
येत्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. माणसांची मोजणी त्याआधी फेब्रुवारीत होते. नेमका तेव्हाच कोयता कारखान्यावर असतो. मोजणीच्या पूर्ण काळात जे गावाबाहेर असतात, त्यांची नोंद जिथं मुक्काम तिथंच, म्हणजे कोपीवर होते. परमुलखात, कामाच्या गडबडीत ‘मराठी लिहा’ म्हटलं की तेच कागदावर जातं. घरातल्या एकानंच सगळ्यांची माहिती दिली तरी प्रत्येकाची मातृभाषा वेगळी विचारली आणि लिहिली जाते.

फरक काय पडणार?
नोंद केली म्हणून लगेच भाषेला दर्जा मिळत नाही. पण पहिलीत बसलेल्या तांड्यावरच्या लेकराला गुरुजींची मराठी नवीन असते. त्याच्या भाषेतलं पुस्तक मागायचं तर बोलणारे किती, हा पहिला प्रश्न येतो. त्याचं उत्तर या रकान्यातूनच निघतं. त्यामुळं मोजणीवाले आले की घरात जी भाषा बोलता तिचंच नाव सांगा आणि काय लिहिलं ते विचारून घ्या.