पंचेचाळीस दिवसांचा हिशेब

शेताच्या राखणीसाठी पूर्वी घेतलेली दुनळी बंदूक आता विकून टाकावी, असे ज्याच्या मनात येते, त्या परवानाधारकास नांदेडात काय किंवा लातुरात काय, कलेक्टर कचेरीत लेखी कळवून पंचेचाळीस दिवस थांबण्याचा सल्ला मिळतो. आणि त्यापाठोपाठ, या दिवसांत शनिवार-रविवार धरावयाचे नसतात, असेही कोणीतरी सांगून जातो. पहिला सल्ला शास्त्रशुद्ध आहे, दुसरा निराधार.

1959 च्या शस्त्र अधिनियमाचे कलम 5 असे सांगते की, खासगी वापराचे परवान्याचे शस्त्र दुसऱ्या पात्र व्यक्तीस विकण्यापूर्वी, घेणाऱ्याच्या नावपत्त्यासह लेखी इत्तला जिल्हादंडाधिकाऱ्यास किंवा जवळच्या ठाण्याच्या अंमलदारास द्यावी, आणि ती दिल्यानंतर निदान पंचेचाळीस दिवस लोटलेले असावेत. 'कामकाजाचे दिवस' हे शब्द तेथे नाहीत. म्हणून रविवार, दिवाळी, माळेगावची यात्रा, सारे दिवस गणनेत येतात. कामकाजाच्या दिवसांची गणना शस्त्रव्यवहारात आहे, पण ती अमेरिकेत. तेथील 1993 च्या ब्रेडी कायद्यानुसार, गिऱ्हाइकाच्या पूर्वेतिहासाची चौकशी केलेल्या दुकानदारास केंद्रीय यंत्रणेचे उत्तर आले नाही, तर कामकाजाचे तीन दिवस उलटल्यावर शस्त्र हवाली करता येते, आणि राज्याच्या कचेऱ्या ज्या दिवशी बंद, तो दिवस त्या तिनांत धरत नाहीत.

आपल्याकडची खरी चूक उलट दिशेची असते, आणि ती अधिक महाग पडते. बारनिशीत अर्जावर 1 एप्रिलचा शिक्का पडला, तर पुष्कळजण तोच पहिला दिवस धरतात आणि 15 मे रोजी सौदा उरकून मोकळे होतात. वास्तविक इत्तला दिल्याचा दिवस सोडावयाचा असतो. शिवाय 'निदान इतके दिवस लोटलेले असावेत' अशी भाषा असली की न्यायालये पूर्ण दिवस मागतात, म्हणजे शेवटचा दिवसही संपू द्यावा लागतो. 2 एप्रिलपासून मोजले तर पंचेचाळिसावा दिवस 16 मे. तो मावळल्यावर, 17 तारखेस, बंदूक हातची द्यावी. म्हणून जुनी बंदूक विकत घेणाऱ्या चाणाक्ष दुकानदाराने अर्जावर लिहिलेल्या तारखेकडे पाहू नये, पोचेवरच्या शिक्क्याची तारीख पाहावी.

मग सुट्टीला काहीच अर्थ नाही काय? आहे, पण मर्यादित. 1897 च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाचे कलम 10 म्हणते की, एखादे कृत्य न्यायालयात किंवा कचेरीत ठरीव मुदतीत करावयाचे असून अखेरच्या दिवशी ती कचेरी बंद असेल, तर ती पुन्हा उघडेल त्या दिवशी केलेले कृत्य मुदतीतलेच समजावे. सवलत आहे ती काही करण्याच्या मुदतीला. नुसते थांबण्याच्या मुदतीला ती लागू पडत नाही, कारण थांबण्यासाठी कोणतीच कचेरी उघडी असावी लागत नाही.

याची कसोटी पाहण्याजोगा एक प्रसंग 2020 मध्ये येऊन गेला. शस्त्र अधिनियमाच्या 2019 च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस बाळगता येणाऱ्या बंदुकांची संख्या तिनावरून दोनावर आली, आणि तिसरी ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करण्यास एक वर्ष मिळाले. गृहमंत्रालयाने कळविलेली अखेरची तारीख 13 डिसेंबर 2020. त्या दिवशी रविवार होता. कलेक्टर कचेरी बंदच, परंतु पोलीस ठाण्यास कुलूप कधी लागत नाही. तेव्हा कलम 10 चा आसरा घेऊ पाहणाऱ्याची बाजू लंगडी पडली असती. विक्रेत्याचे दुकान बंद होते, ही सबब तर त्याहून दुबळी, कारण दुकान म्हणजे कचेरी नव्हे.

साप्ताहिक सुट्टी ही मुळात राज्यकर्त्यांच्या सोयीची बाब आहे. मराठवाड्यातील जुन्या मंडळींना हे सांगावे लागू नये, कारण निजामाच्या अंमलात कचेऱ्या शुक्रवारी बंद असत. आजही जिल्हाधिकारी स्थानिक सुट्ट्या जाहीर करतात, म्हणून लातूरची कचेरी उघडी आणि नांदेडची बंद असा दिवस येऊ शकतो. पण पंचेचाळीस दिवस दोन्हीकडे सारखेच.

राहिला महिन्यांचा घोळ. नव्वद दिवस म्हणजे तीन महिने नव्हेत, हे सर्वोच्च न्यायालयाने 2010 च्या हिमाचल टेक्नो इंजिनिअर्स प्रकरणात स्पष्ट केले आहे. जमा केलेली तिसरी बंदूक परवान्यावरून कमी करण्यास वर्ष संपल्यानंतरचे नव्वद दिवस होते. 13 डिसेंबरपासून ते 13 मार्चला भरले, आणि तीन महिनेही नेमके त्याच दिवशी भरत होते, ही केवळ अठ्ठावीस दिवसांच्या फेब्रुवारीची कृपा. हीच मुदत 13 जूनला सुरू झाली असती, तर नव्वद दिवस 11 सप्टेंबरलाच आटोपले असते आणि तीन महिने म्हणून स्वस्थ बसलेला गृहस्थ दोन दिवस उशिरा पोहोचला असता.