ऋतूंचे कारण आणि काठीची सावली

केपलरच्या नियमांवरील गणिते बिनचूक सोडविणारा महाविद्यालयीन विद्यार्थीही, उन्हाळा का होतो असे विचारले असता, पृथ्वी तेव्हा सूर्याच्या अधिक जवळ असते, असे पुष्कळदा सांगतो. वस्तुतः ती जानेवारीच्या आरंभी सर्वांत जवळ, सुमारे १४.७ कोटी किलोमीटरांवर, आणि जुलैच्या आरंभी सर्वांत दूर, सुमारे १५.२ कोटी किलोमीटरांवर असते. केवळ हे आकडे सांगून भ्रम जात नाही. विद्यार्थी ते पाठ करतो व समजूत जपून ठेवतो.

त्यापेक्षा एक मीटर उंचीची काठी अधिक उपयोगी. ती ओळंब्यात उभी करून दिवसातील सर्वांत आखूड सावली मोजावी. (पुण्यास ही वेळ घड्याळाच्या बारानंतर सुमारे अर्ध्या तासाने येते, बाराच्या ठोक्यास मोजणे व्यर्थ होय.) तेथे २२ डिसेंबरला सावली सुमारे ९० सेंटीमीटर भरते, मेच्या मध्यास नाहीशी होते, आणि २१ जूनला दक्षिणेकडे सुमारे ९ सेंटीमीटर पडते. काठी व सावली यांच्या मापांवरून पायथागोरसच्या सिद्धान्ताने असे निघते की, डिसेंबरच्या मध्यान्ही तेच किरण सुमारे १.३५ पट जमिनीवर पसरतात. अंतरामुळे मिळणारी जेमतेम सात टक्क्यांची वाढ त्यापुढे फिकी पडते.

मग चौकस विद्यार्थी विचारतोच: जूनमध्ये दिवस सर्वांत मोठा, तर पुण्यास उष्मा एप्रिल-मे महिन्यांत का? युरोपीय पाठ्यपुस्तकांत कमाल तापमान जूननंतर येते. येथे मात्र मोसमी ढग व भिजलेली जमीन आड येतात, आणि तास खगोलशास्त्राकडून उष्णताशास्त्राकडे वळतो.